दादाचा फॉन्ट

सिरसाळा,
बस्त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी

प्रिय दादा,

उद्या तुझ्या लग्नाचा बस्ता. परळीच्या कापड दुकानात गाद्यांवर दोन्हीकडची माणसं मांडी घालून बसलेली असतील, चहा आला असेल, कुणीतरी भजी मागवली असतील आणि आई प्रत्येक साडीचा पदर उलटा करून बघत असेल. मी मात्र आलेली नाही. माझं डोकं दुखतंय असं आईनं सांगितलं असणार, कारण तसंच ठरलंय. उद्या तुझं डोकं दुखणार हाय, असं मला आजच बजावून ठेवलंय. मी आले असते तर दुकानाच्या दारातूनच ओरडले असते, की वरच्या फळीवरच्या त्या जांभळ्या साडीच्या काठाचा धागा सुटलाय, आणि मग तुमची सगळ्यांची लई पंचाईत झाली असती. पण बस्त्याला करवली हवीच, आणि करवलीनं चार लोकांत भावाची थोडी टर उडवायलाच हवी. म्हणून हे पत्र. नीट बस आणि ऐक.

ऋतुजा तुला रंग विचारत असेल. मोरपंखी घेऊ का डाळिंबी? आणि तू दोन बोटांनी कापड चाचपून म्हणत असशील, तुझी आवड तीच माझी. बाया खूष! किती समजूतदार मुलगा! माझं तर हसू आवरेना हे लिहिताना. तू बोलताना समोरच्याकडे सरळ बघत नाहीस, मान जराशी तिरकी करतोस, त्याचं ऋतुजाच्या आत्याला केवढं कौतुक, पोरगा लाजाळू हाय म्हणे. तू आणि लाजाळू! अरे, लहानपणी अप्पांच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे बियाण्याच्या पिशवीवरचा बारीक मजकूर धडाधड वाचून दाखवायचास, कंपनीच्या पत्त्यासकट. अप्पा मला म्हणायचे, बघ, शीक काहीतरी. मीही तोंडाचा आ करून बघायचे. तुझ्यासारखं वाचता यावं एवढीच तेव्हा माझी हौस होती.

मग तू कॉम्प्युटर इंजिनिअर झालास, पुण्याला नोकरीला लागलास, आणि एका पावसाळ्यात पेरणीच्या दिवसांत घरी आल्यावर दुकानात बसलास. घाईच्या वेळी एका शेतकऱ्यानं तूर मागितली तर त्याला मूग दिलास. तो तासाभरात परत आला, अप्पांना म्हणाला, काय मालक, पोराला शिकवलं का विकलं? दुकानातले सगळे हसले. तूही हसलास. पण मी तुझ्या शेजारीच उभी होते. पिशवी तू डोळ्यांपुढून बाजूला नेलीस, मग दुसऱ्या बाजूला नेलीस, आणि मला हळूच म्हणालास, ईशू, मधलं दिसंना गं. कडेचं दिसतंय, मधलं न्हाई. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, चष्म्यानं भागणार नाही, पण अक्षरं मोठी आणि नीट असतील तर काम करता येईल. आपण घरी परतलो. उंबऱ्यात पाय ठेवताना अप्पा एवढंच म्हणाले, ही गोष्ट हितून बाहेर जायला नको.

तेव्हापासून तू घरूनच काम करायला लागलास, आणि मी नुकतीच अंबाजोगाईहून तेच शिक्षण घेऊन आले होते. कॉम्प्युटरवर अक्षर मोठं करणं कुणालाही येतं. पण प्रोग्रॅम लिहायला ते पुरत नाही. तिथं प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देणारा फॉन्ट लागतो, ओळीखाली ओळ नीट बसली पाहिजे. आणि एक चिन्ह चुकलं की सगळं बंद. तुझ्या कंपनीतल्या पोरांनी सुचवलेले फॉन्ट दिसायला देखणे होते, पण त्यांचं शून्य आणि इंग्रजी ओ तुला एकच वाटायचं. आकडा एक, लहान एल आणि मोठा आय या तिघांत तू दरवेळी आपटायचास. महिरपी कंस तुला गोल वाटायचा. स्वल्पविराम तर तुझ्यासाठी नव्हताच. कुरिअर नावाचा फॉन्ट लावून पाहिला, त्याच्या रेघा इतक्या बारीक की तू म्हणालास, कागद कोरा हाय का? दुसरा लावला तर त्यात दोन चिन्हं जवळ आली की जोडून एकच व्हायची, तू चिडून माउस भिंतीवर फेकलास. मी तो उचलला. पुन्हा तिसरा लावला.

शेवटी मी एक फॉन्ट निवडला, कुणालाही बदल करायची मुभा असलेला, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत पिशव्यांवर बसून तो दुरुस्त करत बसले. शून्याच्या पोटात तिरकी रेघ घातली. एलला खाली शेपूट वळवलं, आयला वरखाली दांड्या दिल्या. स्वल्पविराम इतका जाड केला की आळीसारखा दिसायला लागला, आणि महिरपी कंसाचं नाक पुढं ओढलं. रोज तुला एकच ओळ द्यायचे, त्यात सगळी फसवी अक्षरं. तू तिरकी मान करून वाचायचास आणि चुकायचास. मी पुन्हा जाऊन काय चुकलं ते बदलायचे. ज्या दिवशी ती ओळ तू पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीस, त्या दिवशी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडलास. आईनं शिरा केला होता. अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, आता मी या घरातली कुणीतरी आहे.

नवी, मोठी नोकरी तुला कशी लागली हे उद्या तिथं बसलेल्या किती जणांना माहीत आहे? मुलाखत घेणाऱ्यानं व्हिडिओ कॉलवर त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. दुसऱ्याच्या पडद्यावर आपला फॉन्ट चालत नाही. त्याची अक्षरं मुंगीएवढी. आपल्याला हे आधीच कळलं होतं, म्हणून तोच पडदा मी मागच्या खोलीत दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघत होते आणि फोनवरून तुला सांगत होते. तुझ्या एका कानात कंपनी, दुसऱ्या कानात मी. तिनं फक्त वाचून दाखवलं, असं तू म्हणशील. दुसऱ्या प्रश्नाला तू गप्प झाला होतास, तेव्हा उत्तर कुणी सांगितलं, ते तुझ्या त्या कानाला विचार. त्याच आठवड्यात मलाही पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. अप्पा म्हणाले, तू गेलीस तर दादाचं कोण बघंल? मी विचारलं, आणि माझं? त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तू ताटावर होतास. जा म्हणाला नाहीस, राहा म्हणाला नाहीस, आमटी मागितलीस.

मी राहिले. चिडले, पण राहिले, कारण तू आंधळेपणाला भितोस हे मला ठाऊक होतं आणि तू माझा दादा होतास. इथपर्यंतचा माझा हिशेब मी कधीच मागितला नसता. पण घाटनांदूरहून ऋतुजाचे वडील शिवशंकरराव तिला घेऊन आपलं घर पाहायला आले, तो दिवस आठव. ऋतुजा स्वतः प्रोग्रॅम लिहिणारी, तिला तुझी कामाची खोली बघायची हौस. लॅपटॉप उघडाच होता. बोराएवढी अक्षरं बघून ती हसली, म्हणाली, अहो, एवढी मोठी? शिवशंकररावांनी सहजच विचारलं, डोळ्याला काही हाय का? मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. अप्पांची तर पाचावर धारण बसली होती. आणि तू, माझ्या दादा, तिरकी मान करून, हसून म्हणालास, माझं न्हाई हो, आमच्या ईश्वरीला नीट दिसत न्हाई. माझ्याजवळ बसून शिकती, तिच्यासाठी मोठं केलंय.

मी ट्रे धरून तशीच उभी. एक थेंब सांडला नव्हता. तेवढ्यात आई उठली, माझ्या हातातून ट्रे काढून घेतला आणि म्हणाली, दे बाई हिकडं, सांडशील. आई! जिच्या सुईत मी रोज दोरा ओवून देते, ती! आणि ऋतुजा बिचारी खरं समजून पुढं आली, माझा कोपर धरला आणि मला खुर्चीपर्यंत नेलं. अलगद, पायाखाली बघत. खुर्ची मला दिसत होती, दादा. तुझा चेहराही दिसत होता. तू माझ्याकडेच तोंड करून बसला होतास, आणि तुझ्या चेहऱ्यावर सुटलो एकदाचा, एवढंच होतं.

पाहुणे गेल्यावर मी भांडले. तू म्हणालास, वेळ मारून नेली, त्यात काय एवढं? मी म्हणाले, मी तुझ्यासाठी काय काय केलं. तेव्हा तू जे बोललास ते तू विसरला असशील, मी नाही. काय केलंस? फॉन्टच तर बदलून दिलास. अप्पा म्हणाले, भावासाठी एवढंबी सोसवत न्हाई का तुला? पुढच्याच महिन्यात उदगीरचं स्थळ मोडलं. तो मुलगा मला आवडला होता, आमचं फोनवर बोलणंही सुरू झालं होतं, हे फक्त तुला सांगितलं होतं. त्याच्या वडिलांचा फोन आला, मुलीच्या डोळ्यांचं कानावर आलंय, तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. अप्पा हो हो करत राहिले. त्यांनी एक शब्द टाकला असता, माझी पोरगी धडधाकट हाय म्हणाले असते, तर मग डोळे कुणाचे खराब, हा प्रश्न आला असता. म्हणून मूग गिळून बसले. तू बाजूलाच होतास. अप्पा फोन ठेवेपर्यंत तू थांबलास आणि मला म्हणालास, ईशू, जरा तिसऱ्या ओळीत काय चुकलंय बघ.

मी बघून दिलं. का दिलं, कोण जाणे. हात आपोआप गेला. त्यानंतर आता तेलगावचा खतवाला आलाय मला मागायला. बायको वारलेली, अप्पांच्या वयाला लागलेला. त्याला मुलीचे डोळे अधू असले तरी चालतंय म्हणे. केवढं मोठं मन! आईनं त्याला लगेच हो म्हणून टाकायचं ठरवलंय, तुझ्या लग्नाचा मांडव उतरायच्या आत. आणि परवा आई फोनवर सत्यशीला मावशीला सांगत होती ते मी जिन्यात उभी राहून ऐकलं. म्हणाली, मुद्दाम कॉम्प्युटरवालीच बघितली गं. ईश्वरी गेली की तिचं काम हीच करंल. लग्न झाल्यावर हळूच सांगू. मग जाती कुठं? आणि तू शेजारीच शेंगा सोलत बसला होतास. एक शेंग फोडलीस, तोंडात टाकलीस.

तेव्हा माझा राग संपला, दादा. खरंच संपला. रागात माणूस ओरडतो, आदळआपट करतो. मी वर गेले आणि शांतपणे विचार केला, याला कशाची सगळ्यात जास्त भीती आहे? ते तर मलाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं.

आज सकाळी तू दाढी-कटिंगला गेलास तेव्हा मी तुझ्या लॅपटॉपवरून तो फॉन्ट काढून टाकला. जुना बारीक होता, तो परत लावला. तू नव्यानं शोधायला जाशील, पण काय शोधशील? त्याचं नाव तुला माहीत नाही. इतकी वर्षं रोज सकाळी उठून त्याच्यातून जग बघितलंस आणि एकदा विचारलं नाहीस की ईशू, याचं नाव काय? आणि विचारलं असतंस तरी उपयोग नव्हता. तो बाजारात कुठं मिळत नाही. शेपटीचा एल आणि आळीसारखा स्वल्पविराम असलेला तो एकच फॉन्ट जगात आहे, मी पिशव्यांवर बसून केलेला. फॉन्टच तर होता ना? मग घे दुसरा. सोमवारी कंपनी चालू होईल तेव्हा पाठ कर, शून्य कुठलं आणि ओ कुठला.

आता ऋतुजा, तुझ्याशी. तुला वहिनी म्हणायचं अजून राहिलंय, म्हणून नावानंच हाक मारते. दमली असशील एवढं वाचून. शेजारच्या अभिमन्यूकडून पाकीट देते, सगळे बसले की मोठ्यानं वाच, करवलीची चेष्टा आहे, असं मी तुला फोनवर सांगितलं आणि तू हसून हो म्हणालीस. तू तुझ्या जागी बरोबर होतीस, फसवलं मी. पण तुझ्याशिवाय हे वाचणार तरी कोण होतं? घर पाहायच्या दिवसापाशी आलीस तेव्हा तुझा आवाज खाली गेला असणार. अप्पा म्हणाले असतील, राहू दे पोरी, तिचं डोकं ठिकाणावर न्हाई. डोळ्यांचा आळ घातला तसा डोक्याचाही घालतील, त्यांना त्यात काही वाटायचं नाही. तुझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला असेल. तू माझा कोपर धरलास तेव्हा तुझा हात फार मायेचा होता. त्या हाताला आयुष्यभर याच्या पडद्यापुढं बसवायचं इथं कधीच ठरलंय, आणि तुला मात्र कुणी विचारलेलं नाही. हे सगळं कळूनही तुला तो हवा असेल तर खुशाल कर लग्न, माणूस म्हणून काही राक्षस नाही, गाणी चांगली म्हणतो. पाकिटात तळाशी पेन ड्राइव्ह आहे, फॉन्ट त्यात आहे. द्यायचा का नाही, ते आता तुझ्या हातात. मला अप्पांनी कधी असं काही हातात दिलं नव्हतं.

आणि हे पत्र का लिहिलं, ते सांगते. मी हे सगळं तोंडानं सांगितलं असतं तर दादा, तुम्ही घरातल्या तिघांनी मिळून मला खोटं पाडलं असतं. म्हणून मराठीतला सगळ्यात किडकिडीत फॉन्ट निवडला, सगळ्यात बारीक केला, वर रंग राखाडी. झेरॉक्सवाला सिदू कागद हातात घेऊन म्हणाला, ताई, का म्हणून असं करता, लई बारीक हाय, कुणाला दिसायचं न्हाई. मला दिसतंय म्हणाले, आणि त्याला उभ्या उभ्या वाचून दाखवलं. चष्मा मला नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. तर ऋतुजा, इथं थांब. याच्या पुढचं काहीच, सहीसुद्धा, मोठ्यानं वाचू नको. मनात वाच, तुझ्या वडिलांना दाखव, आणि मग कागद दादाच्या हातात देऊन सगळ्यांसमोर म्हण, शेवटची सही तेवढी तुम्ही वाचा. तो कागद डोळ्यांपुढून बाजूला नेईल, मान तिरकी करेल, आणि मग हसून म्हणेल, तुझीच लाडकी ईशू. म्हणणारच. प्रत्येक राखीच्या पाकिटावर मी तेच लिहीत आले.

तुझी आता कुणीच नसलेली,
ईश्वरी